जातिवंत, क्रॉस की गावठी: कुत्रं घरी आणण्याआधीचा हिशेब

कुत्रं पाळायचं एकदा ठरलं की घरात तट पडतात. मुलांना गोल्डन रिट्रीव्हर हवा असतो, आईचं म्हणणं केस न गळणारं काहीतरी बघा, आणि एखादी आत्या हमखास सांगते, "रस्त्यावरचं पिल्लू आणा, फुकट मिळतं आणि कधी आजारी पडत नाही." बाहेर विचारायला जावं तर एकीकडे जातिवंतांचे शौकीन, दुसरीकडे 'विकत घेऊच नका, दत्तक घ्या'वाले. दोघंही अर्धंच सांगतात.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते ताडून बघता येईल. जातिवंत कुत्र्यासाठी आपण पैसे मोजतो ते अंदाजाचे. हे पिल्लू मोठं झाल्यावर केवढं होणार, कसं वागणार, कशानं आजारी पडू शकतं, याचा अंदाज. पण आईबाप कोण, कसे, हे माहीत असेल तरच तो अंदाज हाती येतो. ते माहीत नसेल तर पैसे जातात आणि अंदाजही मिळत नाही. अशा व्यवहारापेक्षा गावठी केव्हाही सरस.

जातिवंत: काय नक्की, काय नाही

लॅब्रॅडॉरचं दोन महिन्यांचं पिल्लू बघून सांगता येतं की दीडेक वर्षात हे तीस किलोच्या घरात जाईल, बारा महिने केस गाळेल, पाणी दिसलं की त्यात उतरेल आणि ओट्यावरची पोळ्यांची चळत नजर चुकवून फस्त करेल. पोळ्यांचं गमतीनं म्हणत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की सुमारे पाव लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गायब असतो आणि त्यामुळे त्यांची भूक भागतच नाही. अशा कुत्र्याचं वजन आटोक्यात ठेवणं हे मालकाचं रोजचं काम. त्यात या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याची खोड आहेच. वजन वाढलं की तो आधी कुरकुरतो.

शरीराचा अंदाज असा बऱ्यापैकी पक्का असतो. स्वभावाचा तितका नाही. अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे येणारा वाटा निघाला जेमतेम ९ टक्के. म्हणजे 'गोल्डन आहे ना, मग मुलांना काही करणार नाही' हे वाक्य गॅरंटी कार्डासारखं वापरू नका. पोलिसांच्या श्वानपथकात डॉबरमन, लॅब, बेल्जियन मॅलिनॉय दिसतात ते खरं. पण तिथे पिल्लू निवडताना पारख असते आणि मागे कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण असतं. नुसत्या जातीवर तिथलंही काम भागत नाही.

या सारखेपणाची किंमतही आहे. ब्रिटनमध्ये जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारा केनेल क्लब स्थापन झाला १८७३ मध्ये, आणि पुढे जातींच्या वंशावळीच्या वह्या हळूहळू बंद झाल्या: आतले आत, बाहेरचं रक्त नाही. त्याचा परिणाम मोजणारा एक अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेतून २०२१ मध्ये आला. २२७ जातींची सरासरी काढली तर आतल्या आत पैदाशीचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास निघालं. सख्ख्या भावाबहिणीच्या जोडीतून होणाऱ्या पिल्लांत असतं तितकं. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण डाल्मेशियन. या जातीत लघवीतून युरिक ॲसिड प्रमाणाबाहेर जातं आणि खडे होतात. हा दोष जवळपास अख्ख्या जातीतच ठाण मांडून बसला. रॉबर्ट शायबल या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एकदाच, फक्त एकदाच, डाल्मेशियनचा पॉइंटर या दुसऱ्या जातीशी संकर केला आणि पुढच्या प्रत्येक पिढीत परत डाल्मेशियनच घेतला. निरोगी जनुक आलं, ठिपके राहिले, बाकी पॉइंटरचा मागमूस उरला नाही. तरी अमेरिकन केनेल क्लबनं या वंशाला मान्यता दिली ती २०११ मध्ये. कारण काय, तर रक्त 'शुद्ध' नाही!

पग आणि फ्रेंच बुलडॉगबद्दल मी तुलना वगैरे करणार नाही, घेऊ नका एवढंच म्हणेन. कुत्रं अंगातली उष्णता धापा टाकून बाहेर काढतं. चपट्या नाकात हवेची वाटच अरुंद. आपला एप्रिल-मे, त्यात लिफ्ट बंद पडून तीन जिने चढायची वेळ आली की त्यांचा घोरल्यासारखा आवाज आपल्याला गोड वाटतो, प्रत्यक्षात ते श्वासासाठी झगडत असतात. ब्रिटनमधल्या पाच लाख ८४ हजार कुत्र्यांच्या नोंदींवरून २०२४ मध्ये आयुर्मान काढलं, त्यात फ्रेंच बुलडॉगचं ९.८ वर्षं भरलं. लॅबचं १३.१.

क्रॉस: पहिल्या पिढीची पुण्याई

आता आयुर्मानाच्या याच अभ्यासातला एक आकडा आत्यांना आवडणार नाही. जातिवंतांचं आयुर्मान १२.७ वर्षं, मिश्रजातींचं १२.०. म्हणजे मिश्र रक्ताचं कुत्रं जास्तच जगतं, असं सरसकट म्हणता येत नाही. अर्थात तिथे सगळे मिश्र एकाच टोपलीत घातले होते, मुद्दाम केलेला क्रॉस आणि कुठूनही आलेला क्रॉस यांत फरक केला नव्हता, त्यामुळे या आकड्यावरून उलटा निष्कर्षही काढू नये. आजारांचं चित्र जास्त स्पष्ट आहे. डेव्हिसच्याच २०१३ च्या अभ्यासात २४ आनुवंशिक विकार तपासले: १० जातिवंतांत जास्त आढळले, १३ मध्ये फरक नाही, आणि एक, गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा, मिश्रजातींत जास्त.

संकरानं काय साधतं आणि काय नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवायला नको. संकरित बियाण्याचं पीक जोमदार येतं, पण त्याच पिकातलं बी राखून पुढच्या साली पेरलं की ओळीत प्रत्येक झाड वेगळं. कुत्र्यांचंही तसंच. दोन वेगळ्या, तपासलेल्या जातींची पहिली पिढी बरेचदा छान निघते. अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या संस्था लॅब्रॅडॉर आणि गोल्डनचा क्रॉस मुद्दाम करतात ते याच कारणानं. पण क्रॉसची क्रॉसशी जोडी लावली की पुढे काय येईल याचा नेम नाही.

लॅब्रॅडूडलची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांनी १९८९ मध्ये हवाई बेटांवरच्या एका दृष्टिहीन बाईंसाठी लॅब आणि केस फारसे न गाळणाऱ्या पूडलचा संकर केला, कारण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. पहिल्या वेतात तीन पिल्लं झाली. त्यातलं एकच त्या नवऱ्याला चाललं. तीनात एक! पुढे या क्रॉसची जगभर फॅशन झाली आणि आपण हे सुरू केलं याचा पस्तावा होतो, असं कॉनरन यांनीच जाहीरपणे सांगितलं. आता मुंबई-पुण्यातही 'डूडल' चढ्या भावानं विकले जातात, केस गळत नाहीत या बोलीवर. गळले नाहीत तरी त्या केसांच्या जटा होतात आणि दर महिना-दीड महिन्यानं ग्रूमरकडे जावं लागतं. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजनं २०२४ मध्ये अशा तीन फॅशनेबल क्रॉसची त्यांच्या मूळ जातींशी ५७ आजारांवर तुलना केली; सुमारे ८७ टक्के तुलनांत फरकच सापडला नाही. क्रॉसचे जादा पैसे निरोगीपणासाठी देत असाल तर देऊ नका.

आपल्या गल्लीतला 'लॅब क्रॉस', 'जर्मन क्रॉस' हा वेगळाच प्रकार. तो ठरवून झालेला नसतो, आणि आईबाप डोळ्यांनी बघितलेले असतील तर उत्तम कुत्रं होऊ शकतं. जाता जाता: जुन्या वाड्यांतून भुंकणारा पांढराशुभ्र 'पॉमेरियन' आठवतो ना? तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा.

कागद नसलेला जातिवंत

खरी फसगत इथे होते. दुकानात किंवा कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये 'डबल बोन', 'हेवी बोन', 'शो क्वालिटी' असे शब्द कानावर पडले की सावध व्हा. डबल बोन नावाची कुठलीही जात नाही. 'पेपर नंतर देतो' म्हणजे पेपर नाहीत असं समजा. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीत आईबापांची नावं आणि पिल्लाच्या मायक्रोचिपचा नंबर असतो. तो नंबर व्हेटकडे रीडरवर वाचून घ्या, कागदावरचा आणि मानेतला एकच हवा. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. 'पस्तीस दिवसांचं आहे, आत्ता घेतलं तर लळा लागेल' असं कुणी म्हणालं तर तो नियम मोडतोच आहे, शिवाय पिल्लाचं शिक्षणही तोडतो आहे. चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून याच आठवड्यांत शिकतं.

आई समोर बघायला मिळालीच पाहिजे. 'आई फार्मवर आहे' हे उत्तर चालत नाही. मिळाली तर तिचे सड बघा, पोट बघा. दर माजाला वीण काढलेली मादी हडकलेली असते आणि माणसापासून अंग चोरते. पिल्लाला पाच मिनिटं पळू द्या, मग त्याचा श्वास ऐका. शेपटीखाली हात लावून बघा, ओलं नको. लॅब, गोल्डन किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. चांगला ब्रीडर ते काढून तयार ठेवतो, दुसरा तुमच्याकडे वेड्यासारखं बघतो. एवढ्यावरूनच निकाल लागतो.

गावठी

पंधरा ते वीस किलो, आखूड केस, उभे कान, शेपटीला वेटोळं. हे शरीर कुठल्या क्लबनं ठरवलेलं नाही, इथल्या उन्हानं आणि उकिरड्यानं ठरवलं आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात हस्कीसाठी चोवीस तास एसी लागतो, गावठीला फरशी आणि पाण्याचं भांडं पुरतं. अंगाला वास कमी, केस कमी, खाणं लॅबच्या निम्म्याच्या आसपास.

पण 'कधी आजारी पडत नाही' हे धादांत खोटं आहे. रस्त्यावर दिसतात ती जगलेली कुत्री. मेलेली पिल्लं मोजायला कुणी जात नाही. पार्वो आणि डिस्टेंपर हे पिल्लांचे जीवघेणे आजार त्यांनाही होतात, आणि आईचं लसीकरण झालेलं नसल्यानं पिल्लांना जास्तच. गोचीड ताप जात विचारत नाही. आणलेल्या दिवशीच व्हेटकडे नेऊन जंताचं औषध, लसींचं वेळापत्रक आणि गोचिडांचा बंदोबस्त करायचा.

स्वभावाचं खरं सांगायचं तर गावठी हा चौकीदार आहे. लॅब दारात आलेल्या कुरिअरवाल्याला चाटायला जातो. गावठी आधी दोन पावलं मागे सरतं, मान खाली, कान मागे, आणि तिथून त्याचं बारीक निरीक्षण चालतं. माणूस पसंत पडायला दोन-तीन भेटी लागतात. ज्या घरात दिवसभर माणसांचा राबता आहे तिथे याचा त्रास होतो. काठी, झाडू, फटाके यांची धास्ती काहींना जन्मभर राहते, आणि घाबरलेलं गावठी पट्ट्यातून मान काढून असं निसटतं की हातात नुसता पट्टा राहतो. म्हणून छातीचा हार्नेसच वापरा. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लानं जितकी माणसं, आवाज, जिने, रिक्षा बघितल्या तितकं पुढे सोपं जातं.

म्हणूनच मी लोकांना पिल्लाऐवजी दीड-दोन वर्षांचं, कानाला खाच असलेलं गावठी सुचवते. खाच म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची पालिकेची खूण. उंची, वजन, स्वभाव, मांजराशी कसं वागतं, सगळं समोर दिसतं. जातिवंताकडून ज्या अंदाजासाठी पैसे मोजायचे, तो इथे नुसत्या बघण्यानं मिळतो. फक्त संस्थेत एकदाच जाऊन ठरवू नका. दोन-तीनदा जा, एकदा फिरवून आणा, जेवताना बघा.

मग कुणी काय घ्यावं?

नोकरी करणारं जोडपं, दोन खोल्यांचा फ्लॅट: मोठं झालेलं गावठी, बिनदिक्कत. सोसायटी अडवू लागली तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा, जात किंवा आकार बघून बंदी घालता येत नाही. पालिकेचा परवाना मात्र काढलेला असू द्या. घरात लहान मुलं, आजी-आजोबा, सतत पाहुणे आणि कुत्र्याचा पहिलाच अनुभव: कागदपत्रं आणि एक्स-रे असलेला लॅब, त्यासाठी वीण होईपर्यंत चार महिने थांबावं लागलं तरी थांबा. ॲलर्जी असेल तर कुठल्याही जातीवर विश्वास न ठेवता त्याच कुत्र्याजवळ तासन्‌तास बसून बघा. रॉटवायलर, पिटबुल वगैरेंचा विचार असेल तर केंद्रानं मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर, त्यांच्या क्रॉससकट, बंदीचं परिपत्रक काढलं होतं आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं ते महिनाभरात रद्द केलं, एवढं लक्षात ठेवा. कोर्टातून सुटलं तरी शेजारी सुटत नाहीत.

आणि आपल्याच मातीतलं जातिवंत हवं असेल तर लातूर-सोलापूरकडचा कारवानी किंवा पश्मी आहे, सीमेपलीकडचा, कर्नाटकातला मुधोळ आहे. मुधोळवर २००५ मध्ये टपाल खात्यानं तिकीटही काढलं. देखणं, कमी आजारी, कमी खाणारं. मात्र त्याला रोज सुटं पळायला रान लागतं आणि ससा दिसला की तुमची हाक त्याला ऐकू येत नाही. शेत असेल तर जरूर आणा. शेताला कुंपण आधी घाला.