सामायिक चित्र-फाइल बदलताना: त्याच नावावर नवी आवृत्ती की नव्या नावाची नवी फाइल?

ऑनलाइन दस्तऐवजीकरणात एकच स्क्रीनशॉट किंवा आकृती अनेक पानांवर वापरलेली असते. अशी फाइल जुनी झाली की दोन मार्ग समोर येतात: तिच्याच नावावर नवी आवृत्ती अपलोड करायची, किंवा नवी फाइल वेगळ्या नावाने ठेवून एकेका पानावरची लिंक बदलत जायचे. पहिल्या मार्गाने काम मिनिटभरात उरकते आणि दुसऱ्यात अर्धा दिवसही जाऊ शकतो, त्यामुळे बहुतेक वेळा निवड घड्याळाकडे पाहूनच होते. माझ्या मते ती एका प्रश्नावर व्हायला हवी. जुनी फाइल जे सांगत होती तेच नवी फाइल अधिक नीट सांगते आहे, की वेगळे काही सांगते आहे?

चित्र पुसट होते ते स्पष्ट केले, कडेचा नको असलेला भाग कापला, आकृतीतील शुद्धलेखनाची चूक सुधारली, अशा वेळी त्याच नावावर बदल करणे योग्यच आहे, कारण ती सुधारणा सर्व पानांवर एकाच वेळी पोहोचायला हवी असते. मीडियाविकीत, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरमध्ये, यासाठी फाइलच्या पानावरच नवी आवृत्ती अपलोड करण्याची सोय असते, आधीच्या आवृत्त्या इतिहासात दिसतात आणि त्यांपैकी कोणतीही परत आणता येते. कॉन्फ्लुअन्स या संस्थांतर्गत दस्तऐवजांच्या सॉफ्टवेअरमध्येही एखाद्या पानाला त्याच नावाची फाइल पुन्हा जोडली की ती नवी आवृत्ती म्हणून नोंदली जाते. विकिपीडियाची चित्रे जिथे साठवली जातात त्या विकिमीडिया कॉमन्सचा संकेतही याच दिशेचा आहे: किरकोळ सुधारणा असेल तर जुन्यावर नवी, आणि मोठा बदल असेल तर स्वतंत्र नाव. सतत अद्ययावत राहावा अशाच हेतूने ठेवलेला नकाशा किंवा आलेख मात्र याला अपवाद मानला जातो, आणि तो अपवाद मला रास्त वाटतो.

अडचण येते ती आशय बदलल्यावर. समजा, एका स्क्रीनशॉटमध्ये ‘जतन करा’ हे बटण खाली उजवीकडे होते, नव्या रचनेत ते वर डावीकडे गेले आणि कोणीतरी त्याच नावावर नवा स्क्रीनशॉट ठेवला. चित्र सगळीकडे बदलले, पण ‘खालच्या उजव्या कोपऱ्यातील बटण दाबा’ हे वाक्य प्रत्येक पानावर जसेच्या तसे राहिले, अंध वाचकांसाठी लिहिलेला पर्यायी मजकूरही जुनाच राहिला, आणि अजून जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत त्यांच्याकडे नसलेला पडदा दिसू लागला. दोन्ही मार्गांतला खरा फरक इथे दिसतो. नव्या नावाच्या मार्गाने जाणाऱ्याला प्रत्येक पान उघडावेच लागते, आणि पान उघडले की चित्राशेजारचे वाक्यही नजरेखालून जाते. ज्याला आपण वेळखाऊपणा म्हणतो, ती खरे तर तपासणी असते.

इतिहासाच्या बाबतीतही गाफील राहू नये. मीडियाविकीत पानाची जुनी आवृत्ती उघडली तर मजकूर त्या काळचा दिसतो, पण चित्र मात्र फाइलची सध्याची आवृत्ती दाखवते. दस्तऐवज गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास राखणाऱ्या प्रणालीत, ठेवलेले असतील तर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे मजकूर आणि चित्र यांची नोंद एकत्र होते आणि मागे गेल्यावर दोन्ही त्या वेळचेच मिळतात. म्हणून गिटमध्ये त्याच नावावर बदल करणे पुष्कळ सुरक्षित आहे. भार पडतो तो साठ्यावर, कारण मोठ्या व्हिडिओची प्रत्येक आवृत्ती इतिहासात कायम राहते. संकेतस्थळे चालवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. तिथे त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची फाइल पुन्हा अपलोड केली तर नावापुढे आकडा जोडून वेगळी फाइल तयार होते, आणि जागच्या जागी बदल करण्यासाठी प्लगइन (वेगळे जोड-सॉफ्टवेअर) घ्यावे लागते.

त्याच नावाच्या मार्गात कॅशचा, म्हणजे ब्राउझरने स्वतःजवळ साठवलेल्या प्रतीचा, त्रास हमखास होतो. सर्व्हरने फाइलसोबत ‘मॅक्स-एज’ (प्रत किती काळ वापरायची याची मुदत) 31536000 सेकंद, म्हणजे 365 दिवस, असे सांगितले असेल तर वाचकाचा ब्राउझर तेवढा काळ स्वतःजवळची जुनी प्रत दाखवू शकतो आणि सर्व्हरकडे विचारणाही करत नाही. बदल करणाऱ्याला नवे चित्र दिसते, वाचकाला जुने, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटते. फाइलचा पत्ता बदलला की हा प्रश्न मिटतो. नावे कायम ठेवायचीच असतील तर मुदत कमी ठेवावी, किंवा ‘नो-कॅश’ सूचना द्यावी, म्हणजे ब्राउझर दर वेळी सर्व्हरला विचारून खात्री करतो आणि फाइल बदललेली नसेल तर 304, म्हणजे ‘बदल नाही’, हे छोटे उत्तर मिळून काम भागते.

निर्णयापूर्वी ही फाइल कुठे कुठे वापरली आहे याची यादी पाहावी. तीन-चारच पाने असतील तर शंका आल्यास सरळ नवे नाव द्यावे. पाने शेकड्यांनी असतील आणि आशयही बदलला असेल, तर पाने टप्प्याटप्प्याने बदलावीत आणि तोवर जुनी फाइल हलवू नये. शेवटचे पान बदलल्यावरही ती लगेच पुसू नये, कारण यादीत फक्त आपली पाने दिसतात. बाहेरच्या कोणी थेट तिच्या पत्त्याची लिंक दिली असेल, तर ती त्यात सापडत नाही.