मसाविचं बटण : कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स आणि त्याला असलेले पर्याय

२४ आणि ३६ चा मसावि काढायला कोणी कॅल्क्युलेटर हातात घेत नाही, घेऊही नये. पण ४-५ अंकी संख्यांच्या जोड्या तपासायच्या असतील, वर्गासाठी गणितं तयार करायची असतील, किंवा खोलीच्या मापावरून फरशीचा आकार ठरवायचा असेल, तर यंत्राची मदत घ्यावीशी वाटते. सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेताना ‘मसावि निघतो का’ हे सहसा कोणी विचारत नाही. दुकानदारालाही ते ठाऊक असेलच असं नाही. म्हणून हा आढावा फक्त त्या एका कामापुरता आहे. मुख्य वस्तू कॅसिओचा एफएक्स-९९१ईएक्स क्लासविझ. शेजारी स्वस्तातला एफएक्स-८२एमएस, नवा एफएक्स-९९१सीडब्ल्यू, आणि संगणकावरचं एक्सेल.

आधी साधा वापर. ९९१ईएक्सवर मसाविचं फंक्शन गुणाकाराच्या बटणावर लाल अक्षरांत छापलेलं आहे, लसाविचं भागाकाराच्या बटणावर. अल्फा दाबून गुणिले दाबलं की पडद्यावर ‘जीसीडी’ आणि उघडा कंस येतो. पहिली संख्या, मग स्वल्पविराम, मग दुसरी संख्या, कंस बंद, बरोबर. स्वल्पविराम शोधण्यातच नवखे अडकतात. तो शिफ्ट दाबून कंस-बंदच्या बटणावर मिळतो. दशांशचिन्ह त्याच्या जागी चालत नाही. २२१ आणि १९५ घातले की १३ लगेच येतो.

ही जोडी मुद्दाम घेतली आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) कुट्टकाच्या (म्हणजे नि:शेष भाग जावा म्हणून कशाने गुणायचं ते शोधण्याच्या) प्रकरणातलं पहिलं उदाहरण याच संख्यांचं आहे : २२१ ला कशाने गुणून ६५ मिळवले म्हणजे १९५ ने नि:शेष भाग जाईल? तिथली पहिली पायरी मसाविचीच, तिथे त्याला अपवर्तन म्हटलं आहे. दोन संख्यांनी एकमेकींना भागत जायचं, शेवटी जी बाकी उरते ते अपवर्तन. २२१ ला १९५ ने भागलं की बाकी २६. १९५ ला २६ ने भागलं की बाकी १३. २६ ला १३ ने पूर्ण भाग जातो, म्हणून १३. मग तिन्ही संख्यांना १३ ने भागून १७, ५ आणि १५ मिळतात आणि उत्तर पटकन निघतं : ५ ने गुणायचं. १७ गुणिले ५ म्हणजे ८५, त्यात ५ मिळवून ९०, आणि ९० ला १५ ने ६ वेळा भाग. ६५ च्या जागी १३ ने भाग न जाणारी संख्या असती तर उदाहरणच चुकीचं ठरलं असतं, हेही तिथे सांगितलेलं आहे. शाळेत सहावी-सातवीला शिकवतात ती भागाकार पद्धत हीच.

आता या यंत्राची खरी खुबी. मसाविचं बटण फक्त उत्तर देतं, पायऱ्या दाखवत नाही. पण याच कॅल्क्युलेटरवर ‘प्रीअ‍ॅन्स’ नावाची सोय आहे, म्हणजे शेवटच्या उत्तराच्या आधीचं उत्तर. ती अल्फा आणि अ‍ॅन्स दाबून मिळते. नुसतं ‘अ‍ॅन्स’ म्हणजे शेवटचं उत्तर. या दोन्हींच्या जोरावर सगळी भागाकार पद्धत एकेक पायरी बघता येते. कृती अशी :

२२१ टाइप करून बरोबर दाबा. १९५ टाइप करून बरोबर दाबा. मग हे लिहा : प्रीअ‍ॅन्स − अ‍ॅन्स × इंट(प्रीअ‍ॅन्स ÷ अ‍ॅन्स). ‘इंट’ म्हणजे फक्त पूर्णांक भाग, तो अल्फा आणि अधिकच्या बटणावर आहे. आता नुसतं बरोबर दाबत जा. २६ येतो, पुन्हा दाबलं की १३, पुन्हा दाबलं की ०. शून्याच्या आधीचा आकडा म्हणजे मसावि. त्यानंतरही बरोबर दाबलंत तर शून्याने भागायची वेळ येते आणि ‘मॅथ एरर’ दिसतो, घाबरायचं कारण नाही. लहान संख्या आधी टाकली तरी बिघडत नाही. पहिल्या दाबाला तीच संख्या पुन्हा येते, जोडी आपोआप उलटी होते, आणि एक पायरी जास्त लागते इतकंच. हे कॅल्क्युलेट मोडमध्येच चालतं, मध्येच दुसऱ्या मोडमध्ये गेलात तर दोन्ही संख्या पुन्हा टाकाव्यात.

शिक्षकांनी ही युक्ती ९८७ आणि ६१० वर करून बघावी. बाक्या अशा पडत जातात : ३७७, २३३, १४४, ८९, ५५, ३४, २१, १३, ८, ५, ३, २, १, ०. चौदा भागाकार, आणि शेवटी मसावि १, म्हणजे संख्या सहमूळ. या फिबोनाची मालिकेतल्या (जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज असते) शेजारच्या संख्या आहेत, आणि भागाकार पद्धतीला सगळ्यात जास्त घाम फोडणाऱ्या जोड्या त्याच, कारण शेवटची पायरी सोडली तर प्रत्येक वेळी भागाकार १ च येतो आणि बाकी फार सावकाश कमी होते. तरीही १८४४ मध्ये फ्रेंच गणिती गॅब्रिएल लामे यांनी दाखवलं की पायऱ्या लहान संख्येच्या अंकांच्या पाचपटीपेक्षा कधीच जास्त होत नाहीत. तीन अंकी संख्येला फार तर १५. मुलांना पद्धत लांबलचक वाटते तेव्हा हे सांगायला हरकत नाही.

दुसरा मार्ग मूळ अवयवांचा. त्यासाठीही बटण आहे : संख्या टाइप करून बरोबर, मग शिफ्ट आणि अंश-मिनिट-सेकंदाचं बटण, म्हणजे ‘फॅक्ट’. २२१ चे १३ × १७, १९५ चे ३ × ५ × १३. सामाईक १३. छान दिसतं, आणि मोठ्या वर्गाला पटवायला हे जास्त सोपं जातं. पण इथे एक अडचण आहे आणि ती माहीत नसली तर फसगत होते. फॅक्ट दहा अंकांपर्यंतच्या संख्या घेतं, पण तीन अंकांहून मोठे मूळ अवयव दोन किंवा जास्त असले तर ते हात टेकतं आणि उरलेला भाग कंसात टाकून देतं. १०३२२४७ द्या, तर उत्तर येतं (१०३२२४७). १०३४२७३ द्या, तेच. कंस न बघता वाचणारा विद्यार्थी समजतो की दोन्ही मूळ संख्या आहेत, म्हणजे मसावि १. प्रत्यक्षात पहिली १०१३ × १०१९ आहे आणि दुसरी १०१३ × १०२१, मसावि १०१३. मसाविचं बटण हे बरोबर देतं, आणि प्रीअ‍ॅन्सच्या युक्तीने तर तीनच दाबांत निकाल : २०२६, १०१३, ०. अवयव पद्धत जिथे अडते तिथे भागाकार पद्धत सहज पुढे जाते, याहून चांगला नमुना वर्गात दाखवायला मिळणार नाही. कंसातली संख्या म्हणजे ‘पुढचं मला जमलं नाही’ एवढंच समजावं.

उणिवा. मसाविचं फंक्शन दोनच संख्या घेतं. तीन असतील तर एकात एक घालावं लागतं : आधी ८४ आणि १२६ चा मसावि, मग त्याचा आणि २१० चा. उत्तर ४२. कंस मोजून बंद करा. ताळा करायला मसावि × लसावि = दोन संख्यांचा गुणाकार हे वापरता येतं (१३ × ३३१५ = ४३०९५, म्हणजे २२१ × १९५), पण ते दोनच संख्यांना लागू आहे. ४, ६, ८ चा मसावि २, लसावि २४, गुणाकार ४८. मूळ गुणाकार मात्र १९२. हा नियम तीन संख्यांना लावणं ही उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक, आणि कॅल्क्युलेटर त्यावर काही बोलत नाही.

नवा ९९१सीडब्ल्यू दिसायला देखणा, पडदा सुबक. पण मसाविच्या कामाला तो मागे गेला आहे. बटणांवरची लाल अक्षरं काढून टाकली आहेत. मसावि आता कॅटलॉग उघडून अंकगणिताच्या यादीतून निवडावा लागतो, मूळ अवयव फॉरमॅटच्या यादीत आहेत. एकदा-दोनदा करायचं असेल तर चालेल. चाळीस जोड्या तपासायच्या असतील तर जुना ईएक्सच बरा. दुकानात दोन्ही असतील तर हे काम करणाऱ्याने ईएक्स उचलावा.

८२एमएसमध्ये मसाविचं बटण नाहीच. तरी तो टाकाऊ नाही. त्यावर अपूर्णांकाचं बटण आहे, आणि कॅल्क्युलेटर अपूर्णांकाला आपणहून अतिसंक्षिप्त रूप देतो. १९५, अपूर्णांकाचं बटण, २२१, बरोबर. पडद्यावर १५ आणि १७. आता १९५ भागिले १५ म्हणजे १३, झाला मसावि. खात्रीसाठी २२१ भागिले १७ करून बघा, तेच यायला हवं. लहान संख्या वर ठेवली तर बरं, नाहीतर मिश्र अपूर्णांक येतो आणि अंशाचा घोळ होतो. मर्यादा अशी की अंश, छेद आणि मधली खूण धरून दहा जागांपलीकडे गेलं की तो दशांशात उत्तर देतो आणि युक्ती तिथे संपते. शाळेतल्या संख्यांना एवढं पुरेसं आहे. या पैशात याहून जास्त मागणं हावरटपणा होईल.

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत यातलं काहीच नेता येत नाही, हे पालकांनी विकत घेण्याआधी लक्षात घ्यावं. मुलाच्या हातात यंत्र द्यायचंच असेल तर उत्तर तपासायला द्या, काढायला नको.

आता एक्सेल. तिथे जीसीडी नावाचं फंक्शन थेट आहे, आणि ते २५५ पर्यंत संख्या एकदम घेतं, त्यामुळे तिसऱ्या संख्येची कटकट नाही. ऋण संख्या दिली तर चूक दाखवतं. पण अपूर्णांक दिला तर गुपचूप दशांश भाग कापून टाकतं, आणि ही त्याची सगळ्यात वाईट सवय. खोली ३.६ मीटर बाय २.८५ मीटर असेल आणि तीच मापं तशीच घातली तर एक्सेल ३ आणि २ घेतं आणि उत्तर देतं १. चुकीची खूण नाही, लाल रंग नाही. बरोबर कृती म्हणजे आधी सेंटिमीटर करायचे : ३६० आणि २८५, मसावि १५. म्हणजे १५ सेंटिमीटरची चौरस फरशी, २४ गुणिले १९, एकूण ४५६. फूट-इंचांत काम करणाऱ्यांचा घोळ याहून मोठा. ११ फूट ८ इंच हे ११.८ असं लिहिलं जातं, जे मुळातच चूक आहे, आणि वर एक्सेल त्याचे ११ करतं. सगळं इंचांत आणा : १४० आणि ११२ (म्हणजे ९ फूट ४ इंच), मसावि २८ इंच.

आता २८ इंचाची फरशी बाजारात मागून बघा! मसावि ही वरची मर्यादा आहे. तिचे विभाजक १४, ७, ४, २, १ हे बाकीचे पर्याय, आणि नेहमीची १२ इंची फरशी त्यात बसत नाही, म्हणून ती घेतली तर तुकडे कापावेच लागतील. शिवाय सांधे. वरच्या ३.६ मीटरच्या भिंतीला २४ फरशा म्हणजे २३ सांधे, प्रत्येकी २ मिलिमीटर धरले तरी ४.६ सेंटिमीटर होतात. गणितात अचूक बसणारी ओळ शेवटच्या फरशीवर अडते. मिस्त्री हे जाणतो, पण अंदाजपत्रक करणारे विसरतात.

एक्सेलमध्ये अजून दोन गोष्टी सांभाळा. दोन रकान्यांचा पट्टा दिला आणि त्यात एक रकाना रिकामा राहिला, तर उरलेली संख्याच मसावि म्हणून परत येते. कोणी टोकत नाही. दुसरं, एक्सेल १५ अंकांपलीकडचे अंक शून्य करून साठवतं, म्हणून त्याहून लांब संख्या त्यात घालूच नका. तशा संख्यांना पायथॉन भाषेतलं गणिताचं मसावि फंक्शन वापरावं. तिथे अंकांची मर्यादा नाही, ३.९ आवृत्तीपासून दोनपेक्षा जास्त संख्याही चालतात, आणि दशांश संख्या दिली की ते चक्क नकार देतं. एक्सेलने हे शिकावं.

पायऱ्या कागदावर छापून हव्या असतील तर मात्र एक्सेलला तोड नाही. पहिल्या ओळीत डावीकडे मोठी संख्या, उजवीकडे लहान. दुसऱ्या ओळीत डावीकडे वरच्या ओळीची उजवी संख्या, उजवीकडे मॉड फंक्शनने काढलेली वरच्या दोघींची बाकी. ही दुसरी ओळ खाली ओढत न्या. जिथे उजवीकडे शून्य येईल त्या ओळीची डावी संख्या म्हणजे मसावि, आणि त्याखाली शून्याने भागल्याची चूक दिसू लागते. त्या ओळी छापण्याआधी पुसून टाका.