टिळकवाडी की मालगुंड?

नाशिकच्या मुलांना कवीचं घर दाखवायचं तर आधी कुठलं? टिळकवाडीतलं तात्यासाहेब शिरवाडकरांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं, की मालगुंडला जपलेलं केशवसुतांचं?

टिळकवाडी हाकेच्या अंतरावर. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, तिथे गर्दी ठरलेलीच. ज्ञानपीठ मिळालेला कवी किती साधेपणानं राहायचा, हे त्या घरात कळतं. पण बाहेर पडलं की लगेच शहर सुरू.

मालगुंड गणपतीपुळ्याजवळ आहे, म्हणजे नाशिकहून मुक्कामाचाच बेत. तिथे मात्र कवितेभोवतीचा गावही भेटतो. उतरत्या छपराचं कौलारू घर, शेजारी माडांची सावली, आवारात कोरलेल्या कविता. ‘तुतारी’ तिथे उभ्यानं, मोठ्यानं वाचावी. १८६६ साली जन्मलेला हा कवी जेमतेम एकोणचाळीस वर्षं जगला, हे मुलांना त्या अंगणातच सांगावं. शिवाय १९९४ साली या स्मारकाचं उद्घाटन आपल्या कुसुमाग्रजांच्याच हस्ते झालं. नाशिककराला एवढं निमित्त पुरे!

वेळ कमी असेल तर टिळकवाडी. दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन दिवस काढता येत असतील, तर माझं मत बिनशर्त मालगुंडला.