प्लांटेड टँक: गॅस वाढवायचा की उजेड आवरायचा?

घोडबंदर रोडला किंवा खारघरला फ्लॅटमध्ये दोन फुटी प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी, लावायचा ठरला की पहिला खर्च बहुधा भारी लाइटवर होतो. माझ्या मते क्रम उलटा हवा. पाण्यात कार्बन डायऑक्साइड (हाच तो ‘गॅस’) किती ठेवणार ते आधी ठरवा, लाइट त्याच्या बेतानं घ्या. उजेड वाढला की झाडांची भूक वाढते. तेवढा कार्बन मिळाला नाही तर झाडं अडतात आणि उरलेला उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो.

गॅस न सोडलेल्या टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड जेमतेम २ ते ५ पीपीएम (दहा लाखांत २ ते ५ भाग) असतो. शिवाय हवेच्या मानानं पाण्यात तो सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, म्हणून पानापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. अशा टँकला मंद लाइट रोज ६-७ तास पुरे. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, मॉस त्यात छान जगतात. वाढ संथ, छाटणी क्वचित.

तळाशी पसरणाऱ्या माँटे कार्लो या झाडाचा हिरवा गालिचा किंवा लालबुंद रोटाला ही वनस्पती हवी असेल तर उजेड जोरदार लागतो आणि त्याच्या जोडीला २० ते ३० पीपीएम गॅस. म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा), टायमर, वेळच्या वेळी खत आणि वरचेवर छाटणी. गॅस लाइट लागायच्या एक-दोन तास आधी सुरू करायचा आणि लाइट जायच्या तासभर आधी बंद. रात्री झाडं स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यात सिलिंडरही चालू राहिला तर सकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसतात.

आपल्याकडे खरी कसोटी मे महिन्यात. बंद फ्लॅटमधल्या टँकचं पाणी सहज ३० अंशांपुढे जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशांना तो जास्त लागतो, त्यामुळे जानेवारीत सोसलेला गॅस तेव्हा माशांच्या जिवावर येऊ शकतो. गॅसचे बुडबुडे कमी करा, पण त्याच दिवशी लाइटही डिम करा. नुसता गॅस उतरवला तर शेवाळाला रान मोकळं.

सोसायटीत मधूनमधून टँकर येत असेल तर पीएच (आम्लता) आणि केएच (कार्बोनेट क्षारता) यांवरून गॅस काढायच्या तक्त्यावर विसंबू नका. टँकरबरोबर पाण्याचं केएच बदलू शकतं. ड्रॉप चेकर, म्हणजे टँकमध्ये लावायची रंग बदलून गॅस दाखवणारी छोटी काचेची कुपी, घ्या. त्यात ४ डीकेएचचं (डीकेएच हे केएचचं एकक) वेगळं द्रावण असतं, टँकचं पाणी त्यात मिसळत नाही. निळा रंग म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे ३० पीपीएमच्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला एक-दोन तास जातात, म्हणून माशांकडेही लक्ष हवं.

गॅस तयार करणारी साखर-यीस्टची बाटली स्वस्त खरी, पण मला पटत नाही. रात्री ती बंद होत नाही, गॅस आज जास्त तर उद्या कमी, आणि अशा चढउतारात काळं केसाळ शेवाळ बळावतं. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकतात ते बहुधा ग्लुटारल्डिहाइड असतं. ते गॅसची जागा घेत नाही, आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती त्यानं वितळूनही जाते.

पहिलाच टँक असेल, गणपतीत आठ-दहा दिवस गावी जाणं असेल, तर गॅसशिवायच लावा आणि लाइट डिमरवाला घ्या. पुढे गॅस जोडलात तरी तोच चालेल. गालिच्यावर मन बसलं असेल तर थेट सिलिंडरच घ्या. तो भरून कुठे मिळतो हे मात्र आधी विचारा. अग्निशामक सिलिंडर भरणाऱ्यांकडे बरेचदा सोय होते.