साउंडर दुप्पट पाणी दाखवायचा: मिरकरवाड्याच्या काकांकडचा अनुभव

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बोळात बोटींचे साउंडर, म्हणजे आवाजाने पाण्याची खोली मोजणारी यंत्रं, दुरुस्त करणारं टपरीएवढं दुकान आहे. पाटी नाही. दारात वायरलेसचे उघडे डबे, आत वायरींची भेंडोळी आणि साठीचे काका. पाचपैकी चार तारे देतोय. एक का कापला ते पुढे येतंच.

आमची बोट हर्णैची. हवा बिघडली की आंजर्ल्याच्या खाडीत शिरायचं. खाडीचं तोंड गाळाने भरलेलं, तिथे इको साउंडरचा आकडा खोटा निघाला तर बोट वाळूतच. दसऱ्याआधी तेच झालं. पडद्यावर साडेतीन मीटर आणि बोट टेकली. भरती चढती होती म्हणून अर्ध्या तासात सुटलो. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाने, मला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याआधी दुसऱ्या एका मेकॅनिकला दाखवून झालं होतं. तेव्हा तक्रार उलटी होती, पंधरा वावांच्या (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पुढे तळच उमटेना. त्याने गेन, म्हणजे परत आलेला आवाज किती वाढवायचा ते बटण, शेवटपर्यंत चढवला, सातशे रुपये घेतले आणि पुन्हा त्रास झाला तर नवा सेट घ्या म्हणाला, अडतीस हजारांचा.

काकांनी फोनवर किंमत सांगायच्या आधी विचारलं, "चुकतो तेव्हा थोडा चुकतो की बरोब्बर दुप्पट? आणि पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत बोट वर घेऊन रंग दिलास का?" रंगाचा इथे काय संबंध, मला कळेना.

हर्णैला आणखी दोन बोटींचं काम होतं, त्यात आमचीही धरली. सकाळी नऊच्या ओहोटीला येतो म्हणाले, आले बारा वाजता. तोवर बोट तरंगायला लागलेली, तिचा तळ बघता येईना. तारा कापला तो इथे. ओहोटी कुणासाठी थांबत नाही, आमचा धंद्याचा एक दिवस गेला.

पण आल्यावर वेळ फुकट घालवला नाही. आधी माझ्या वडिलांचा जुना ओळंबा मागितला. शिशाचं वजन, दोरीला दर वावाला गाठ, तळाला साबण चोपडायचा म्हणजे खाली रेती की चिखल तेही कळतं. दोरीने तीन वाव, सेटवर सहा. काकांनी गेन निम्म्यावर आणला, आकडा तीनवर आला.

मग समजावून सांगितलं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो. तीन वाव खाली जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. इतक्यात बोटीच्या तळाला बसवलेल्या, आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या सेन्सरची स्वतःचीच थरथर पुरती थांबलेली नसते, गेन फुल असला की पहिला प्रतिध्वनी त्यात बुडतो. तोच आवाज वर आपटून पुन्हा तळाशी जाऊन येतो, आणि सेट त्या दुसऱ्या फेरीला तळ समजतो.

पण मग खोल पाण्यात तळ का दिसत नव्हता? मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सेटच्या टोकाला १०.९. प्लग उघडला तर आत हिरवागार गंज. तो बदलला. "हे अर्धंच," म्हणाले आणि रात्रीच्या ओहोटीची वाट बघत बसले.

साडेनऊला बोट टेकली. गुडघाभर चिखलात टॉर्च घेऊन काका पठाणाशेजारी, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याशेजारी, वाकले आणि हसायलाच लागले. बंदीत रंगाऱ्याने बोटीच्या तळाबरोबर सेन्सरच्या तोंडावरही लाल रंगाचे दोन जाड हात मारले होते! त्याच्यावर कडक कवचांची वस्ती. मी खरवडणी पुढे केली तर हातावर फटका. बारीक वॉटर पेपर ओला करून, घाई न करता, काळं प्लॅस्टिक दिसेपर्यंत घासलं. थिनरचा रंग प्लॅस्टिक खातो, पुढच्या वर्षी आधी तोंडावर टेप लाव, असं बजावलं.

सेन्सर पाण्याखाली किती आहे तेही मोजून सेटमध्ये घातलं. आता आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासूनचा येतो.

प्लग आणि येण्याजाण्यासकट अठराशे घेतले. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून दिला. नव्या सेटचं नावही काढलं नाही. परवा चाळीस वावांवर तळ स्वच्छ उमटला. ओळंबा केबिनमध्येच ठेवलाय, तांडेलाचा अजून विश्वास बसलेला नाही.

जाणार असाल तर फोन सकाळी लवकर करा, नंतर उचलत नाहीत. आणि ओहोटीची वेळ त्यांना दोन तास आधीची सांगा.