ताळा जुळत होता : एका हँडिकॅप ॲपचा चौदा महिन्यांचा अनुभव

गोल्फमधला हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या शॉटचा आकडा, काढून देणारे हे ॲप. त्याचे नाव लिहीत नाही. कंपनीकडे माझी तक्रार अजून उघडी आहे, आणि चौकशी संपेपर्यंत खातेदाराचे नाव घ्यायचे नाही ही बँकेतली सवय. तेहतीस वर्षे नोकरी केली, त्यातली नऊ तपासणी विभागात. ज्यांच्या फोनमध्ये हे ॲप आहे ते ओळखतीलच.

गोल्फ मी बावन्नाव्या वर्षी धरला, तोही नवऱ्याच्या मागे लागण्यामुळे. रविवारी सकाळी एकटी घरी बसून काय करणार, हे त्याचे म्हणणे. पहिली दोन वर्षे मी स्कोअर लिहीतच नव्हते, कारण लिहिण्यासारखे काही नव्हते. मग एकदा अठरा होलचे कार्ड पूर्ण भरले, १२७ शॉट झाले (जितके कमी तितके चांगले), आणि ते कार्ड मी जपून ठेवले. तेव्हापासूनची सगळी कार्डे बुटांच्या खोक्यात तारीखवार लावलेली आहेत. नवरा हसतो. हे खोके नसते तर आजचे हे लिखाणही नसते.

ॲप घेतले ते बुधवारच्या आमच्या बायकांच्या गटामुळे. आठजणी खेळतो, चहावर पैज असते, आणि कुणाला किती शॉट द्यायचे यावरून दर बुधवारी वाद. गटातल्या सगळ्यांचा क्लबकडून आलेला अधिकृत हँडिकॅप नाही, म्हणून ठरले की ज्यांचा नाही त्या सगळ्यांनी एकच ॲप घ्यायचे आणि त्याचा आकडा घरगुती सामन्यात मानायचा. वर्षाची वर्गणी एका चांगल्या जेवणाच्या बिलाइतकी. पहिला महिना फुकट.

चांगले आधी सांगते. पिनपर्यंतचे, म्हणजे होलमधल्या झेंड्यापर्यंतचे, अंतर हे ॲप नीट दाखवते. किती पट (ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावरचे, हलके फटके) लागले, किती चेंडू फेअरवेवर (मधल्या कापलेल्या पट्ट्यावर) पडले, याचे आलेख सुरेख. माझे निम्मे नुकसान ग्रीनच्या आसपास होते हे मला त्या आलेखानेच पटवले, एरवी मी ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या काठीला, दोष देत बसले असते. नऊच होल खेळले तरी ते लगेच हिशेबात घेते. २०२४ पासून नियमच तसा झाला आहे, पूर्वी दुसऱ्या नऊ होलची वाट बघावी लागे.

वाईटही लगेच दिसते. मार्चच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो, आकडे नाहीत. बाराव्या होलला बॅटरी मान टाकते. प्रत्येक होलनंतर पाच प्रश्न विचारते, आणि मागचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे. पावसाळ्यात ओल्या बोटाने पाचाचे पंधरा होतात. शिवाय एकटीने फिरून आलेला राउंडही मुकाट्याने घेते, जो हँडिकॅपला चालत नाही. सोबत निदान एक माणूस लागतो. पण हे सगळे मी सोसले असते.

पुढचे समजायला थोडा हिशेब लागेल. २०२० पासून हँडिकॅपची पद्धत जगभर एक झाली, अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडची आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी मिळून केलेली. त्याआधी सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. आता शेवटचे वीस राउंड घ्यायचे, त्यातले सर्वांत चांगले आठ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. सरासरी काढायची ती नुसत्या शॉटची नाही. प्रत्येक राउंडमधून त्या कोर्सचे रेटिंग वजा करायचे, ११३ ने गुणायचे आणि त्या कोर्सच्या स्लोपने भागायचे. येतो तो त्या राउंडचा 'फरक'. रेटिंग म्हणजे निष्णात खेळाडूला तिथे किती शॉट लागावेत तो आकडा. स्लोप म्हणजे आमच्यासारख्यांना तो कोर्स निष्णातांच्या मानाने किती जास्त छळतो त्याचे माप. ११३ हा मध्यम छळ, कमीत कमी ५५ आणि जास्तीत जास्त १५५.

आता खरी मेख. एकाच टीला (पहिला फटका मारायच्या जागेला), समजा लाल टीला, पुरुषांचे रेटिंग वेगळे असते आणि बायकांचे वेगळे. रेटिंग काढताना निष्णात पुरुष २५० यार्ड मारतो असे धरतात आणि निष्णात बाई २१०. बोगी, म्हणजे मध्यम प्रतीच्या, खेळाडूंसाठी हेच २०० आणि १५०. तेच गवत, तोच बंकर (वाळूचा खड्डा), पण चेंडू पडतो वेगळ्या ठिकाणी, म्हणून आकडेही वेगळे. आमच्या छापील कार्डावर तळाशी दोन्ही ओळी आहेत. ॲपमध्ये लाल टीपुढे आकड्यांची एकच जोडी होती. ती पुरुषांची.

वाचायला सोपे जावे म्हणून आकडे जरा गोल करून देते. लाल टी, बायकांसाठी रेटिंग ७२.०, स्लोप १२०. पुरुषांसाठी रेटिंग ६७.१, स्लोप ११५. मी १०३ मारले तर माझा फरक यायला हवा २९.२. ॲप काढत होते ३५.३. म्हणजे मी आहे त्यापेक्षा सहा शॉटने वाईट खेळते असे ॲपचे मत, आणि वाईट खेळणाऱ्याला जास्त सवलत. चौदा महिन्यांनी माझा आकडा ॲपमध्ये होता ३३.८. असायला हवा होता २७.८.

मग चौदा महिने हे कळले कसे नाही? मी, जिने शाखाव्यवस्थापकांच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा मोजली!

कारण ताळा जुळत होता. हँडिकॅपवरून त्या दिवसाचे शॉट काढताना तीच गणिते उलटी करायची असतात: स्लोपने गुणा, ११३ ने भागा, रेटिंगमधून पार (कोर्सचे ठरलेले शॉट) वजा करून जे येईल ते मिळवा. पार ७२. ॲपने इथेही तेच चुकीचे रेटिंग वापरले. ३३.८ वरून आले २९ शॉट. बरोबर आकड्यांनी, २७.८ वरून, येतात ३०. एका शॉटचा फरक! जाताना जेवढी चूक केली, येताना तेवढीच उलटी केली. हिशेबतपासनीसाला याहून घातक प्रकार नाही. नावेच्या बाजूला चूक, जमेच्या बाजूला तेवढीच चूक, आणि खाली बेरीज सुंदर. आमच्या कोर्सवर आमच्याच लाल टीवरून खेळत होतो तोवर बुधवारचा चहा अगदी न्यायाने वाटला जात होता.

फुटले ते परगावी. मागच्या डिसेंबरात आम्ही आठपैकी पाचजणी दुसऱ्या शहरात खेळायला गेलो. त्या कोर्सचे बायकांचे आकडे ॲपमध्ये बरोबर भरलेले होते. तिथे मला मिळाले ३५ शॉट. मिळायला हवे होते २९. स्टेबलफर्ड या गुणांच्या पद्धतीने खेळलो, ज्यात हँडिकॅपबरहुकूम खेळले की ३६ गुण होतात. माझे झाले ४१. बक्षीस होते पोळ्या गरम ठेवायचा कॅसरोल, निळ्या फुलांचा. मी तो हसत घेतला, फोटोही काढला.

परतीच्या गाडीत आमच्यातल्या एक निवृत्त गणिताच्या बाई म्हणाल्या, "ताई, एक विचारू का, रागावू नका. घरी मला नि तुम्हाला सारखेच शॉट मिळतात. मग इथे तुम्हाला सहा जास्त कसे?" त्यांचा हँडिकॅप क्लबने काढलेला, म्हणजे बायकांच्या रेटिंगने. मी म्हटले, ॲपने दिले. हे उत्तर माझ्या तोंडून गेले आणि मलाच लाज वाटली. "सिस्टीमने दिले, साहेब" असे सांगणाऱ्या किती कारकुनांना मी लेखी खुलासा मागितला होता!

घरी आले, खोके काढले. अप्पा बळवंत चौकातून आणलेली लांब रजिस्टर घरात असतातच. रकाने आखले: तारीख, टी, एकूण, दुरुस्त एकूण, रेटिंग, स्लोप, फरक. रात्री अकराला पहिल्या सहा कार्डांतच चोर सापडला. तरी वीस पुरी केली.

दुरुस्त एकूण हा रकाना कशाला, तर एखादा होल कितीही बिघडला तरी हँडिकॅपसाठी त्याला मर्यादा असते: पार अधिक दोन, अधिक त्या होलवर तुम्हाला मिळणारे शॉट. एका कार्डावर चौथ्या होलला माझे ११ आहेत, सहा त्यातले एकाच बंकरमध्ये. पार चार, बायकांच्या ओळीत त्या होलचा अवघडपणाचा क्रमांक ३, म्हणजे ३० शॉटवाल्या मला तिथे दोन शॉट (अठरा होलना एकेक, उरलेले बारा सर्वांत अवघड बारांना). मर्यादा आठ. ॲपने धरले सात, कारण पुरुषांच्या ओळीत तोच होल पंधरावा. ही चूक किरकोळ, कधी इकडे कधी तिकडे. पण तिनेही सांगितले की ॲपच्या लेखी लाल टीवर बाई खेळतच नाही.

नवऱ्याच्या फोनमध्ये तेच ॲप बिनचूक चालते. त्याचे म्हणणे, मी उगाच बाऊ करते. त्याची वेगळीच तऱ्हा आहे: वाईट राउंड तो भरतच नाही. "आज कंबर धरली होती, तो खेळ खरा नव्हे." त्यामुळे त्याचा हँडिकॅप दिसायला देखणा आणि सामन्यात निरुपयोगी. याच्या उलट जात म्हणजे चांगले राउंड लपवणारी. त्यांना सँडबॅगर म्हणतात आणि त्यांच्याशी कुणी पैज लावत नाही. मी न कळत त्या रांगेत जाऊन बसले होते, हे मला लागले.

कंपनीला लिहिले, सोबत वीस कार्डांचे फोटो. दोन दिवसांत उत्तर आले: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया ॲप काढून पुन्हा टाकावे. टाकले. आकडा तोच. दुसऱ्या पत्राला उत्तर: कोर्सची माहिती वापरकर्त्यांनी भरलेली असते. हे मात्र घेताना कुठे ठळक लिहिलेले नव्हते. तिसऱ्या पत्राला तक्रार क्रमांक मिळाला आहे.

तोवर मी कागदावर परत आले आहे, आणि कागदाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. क्लबचे घडीचे कार्ड, अर्धी कापलेली नटराज पेन्सिल. ओल्या कागदावर बॉलपेन सरकते, पेन्सिल उमटते. पावसाळ्यात वरून दुधाची धुतलेली पिशवी. कार्डाचे खरे बळ त्यातल्या दुसऱ्या माणसात आहे. माझा स्कोअर मी लिहीत नाही, माझी मार्कर, म्हणजे सोबत खेळणारी, लिहिते. शेवटी दोघींची सही. बँकेत याला मेकर-चेकर म्हणायचे. आणि कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा, तिसरा साक्षीदार. "मॅडम, सात नाही, आठ. झाडामागचा धरला नाही तुम्ही." असे माझ्या फोनने मला कधी सांगितलेले नाही.

सहीची किंमत केवढी, ते १९६८ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत दिसले. अर्जेंटिनाच्या रॉबेर्तो दे विसेंझोने सतराव्या होलला तीन मारले होते, मार्कर टॉमी ॲरनने चार लिहिले, त्याने न बघता सही केली. जास्त लिहिलेला आकडा सहीनंतर तसाच राहतो, आणि एका शॉटने बॉब गोल्बी जिंकला. त्या दिवशी दे विसेंझोचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. कमी लिहिलेल्या आकड्यावर सही केली तर थेट बाद. २०२४ मध्ये जेनेसिस इन्व्हिटेशनल स्पर्धेत जॉर्डन स्पीथ तसाच गेला. गंमत अशी की बेरीज चुकली तर खेळाडूला काही होत नाही. प्रत्येक होलचा आकडा बरोबर हवा, बेरीज समितीचे काम. मला हे वाचून पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. मी तरी बेरीज करतेच, वरून खाली आणि खालून वर.

ज्यांना ॲप हवेच असेल त्यांनी एवढे करावे. पैसे भरण्याआधी, फुकटच्या महिन्यात, आपल्या कोर्सचे छापील कार्ड शेजारी ठेवून आपल्या टीचे रेटिंग, स्लोप आणि अठरा होलचे अवघडपणाचे क्रमांक ताडून बघावेत. बायकांनी तर बघावेतच. मग एक जुना राउंड भरून फरक हाताने काढावा. पाच मिनिटांचे काम आहे. आणि अधिकृत सामन्यात ॲपचा आकडा दाखवू नये, तिथे क्लबचाच चालतो.

पाचपैकी दोन तारे. एक अंतरासाठी, एक पटच्या आलेखासाठी. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. ती बंद करायचे बटण ॲपमध्ये सापडत नाही, फोनच्या स्टोअरमध्ये आपल्या खात्यात जाऊन करावे लागते.

कॅसरोल मी पुढच्या बुधवारी दुसऱ्या आलेल्या बाईंच्या हाती दिला, रजिस्टरची झेरॉक्सही सोबत. त्यांनी झेरॉक्स वाचली नाही, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "यात लसणाची चटणी ठेवली होती का?" ठेवली होती, एकदाच.