डोळ्यातल्या गाठीला शेक: प्लाक, प्रोटॉन की बाहेरची मशीन?

डोळ्याच्या मेलॅनोमाला (डोळ्यातल्या रंगपेशींचा कॅन्सर) शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचं ठरलं की नागपुरात पहिला प्रश्न हमखास येतो, ‘मशीन कुठली चांगली?’ मामांच्या वेळी आम्हीही तेच विचारत फिरलो. आधी बी-स्कॅनचा (डोळ्याची सोनोग्राफी) रिपोर्ट वाचायला हवा होता: गाठ किती मिलिमीटर जाड, आणि डोळ्याच्या नसेपासून किती लांब?

प्लाक म्हणजे किरणं सोडणारी, अंगठ्याच्या नखाएवढी खोलगट चकती. भूल देऊन ती बुबुळामागच्या पांढऱ्या भागावर, गाठीच्या बरोबर पाठीशी टाक्यांनी बसवतात. काही दिवसांनी दुसऱ्या छोट्या ऑपरेशनने काढतात. चकतीतल्या किरणोत्सारी रुथेनियम-106 ची किरणं जवळच विरतात, म्हणून तो साधारण 5-6 मिलिमीटरपर्यंतच्या गाठींना. त्याहून जाड असेल तर आयोडीन-125. रुथेनियमचा जोर निम्मा व्हायला वर्षाहून थोडं जास्त लागतं, आयोडीनला 60 दिवसही नाहीत. त्यामुळे रुथेनियमची चकती अनेकांना वापरता येते. आता ती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही बनते.

नसेला लागून असलेल्या गाठीला प्लाक नीट बसत नाही. तिथे बाहेरून मशीनने सोडलेला प्रोटॉनचा झोत सरस, कारण तो ठरलेल्या खोलीवर थांबतो. पण ‘चिरफाड नाही’ असं समजू नका. खुणेसाठी आधी टँटलम धातूच्या बारीक क्लिपा शिवाव्या लागतात. मग चार-पाच बैठका. चेन्नई आणि खारघरला प्रोटॉन मशीन आहे, तरी डोळ्यासाठी देतात का, हे फोनवर विचारूनच तिकीट काढा.

बाहेरून शेक देणारी नेहमीची मशीन नागपुरातच मिळते. डोळ्यातल्या लिम्फोमाला (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) किंवा दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरला ती चालते, रोज थोडा थोडा डोस. लहान मुलांच्या रेटिनोब्लास्टोमात (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) मात्र, विशेषतः आनुवंशिक प्रकारात, पुढे दुसरा कॅन्सर होण्याची भीती असल्याने ती शक्यतो टाळतात. केमो, लेझर आधी.

मला विचाराल तर जाडी बसत असेल तर प्लाकच. त्यासाठी हैदराबाद काही लांब नाही, सकाळी वंदे भारत धरली की दुपारी सिकंदराबाद. ‘डोळाच काढला असता तर?’ हा किडा मामीच्या डोक्यात बरेच दिवस होता. अमेरिकेत मध्यम गाठींच्या 1,317 रुग्णांवर हीच तुलना झाली. प्लाकवाले आणि डोळा काढलेले, दोघांच्या जगण्यात फरक निघाला नाही. गाठ फारच मोठी असेल तर डोळा काढणं आजही भाग पडतं.

नजरेची खात्री मात्र कुणी देत नाही. डोळ्याच्या पडद्यावर शेकाचा परिणाम काही महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतो. मामांना त्या डोळ्याने आता पेपरचा मथळाच तेवढा लागतो. आणि हा कॅन्सर पसरला तर बहुतेकदा यकृतात जातो, म्हणून त्यांच्या फायलीत डोळ्याच्या फोटोंपेक्षा पोटाच्या सोनोग्राफीचे कागद जास्त झालेत.